महिनाभर मोजा, मग सोडा

दीपश्रीने भिंतीवरून इंटरनेटचा डबा उपटला, तेव्हा त्याचे दिवे छान हिरवे लुकलुकत होते. तिला खरा राग आला तो त्याचाच. नववीच्या बावीस पोरांना वर्तुळाची स्पर्शिका समजावताना अकरा मिनिटं मेल्यासारखा पडलेला हा डबा, वर्ग संपताच कसा झोपून उठल्यासारखा ताजातवाना झाला होता. तिने वायरी ओढून काढल्या, डबा हातात धरला, आणि आई "अगं, छत्री तरी..." म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा.

दीपश्रीच्या नाकावर राग असायचा. धारवाडच्या सप्तापुरातल्या त्या गल्लीत हे भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण आजच्या रागाला कारणही तसंच होतं. पुण्याच्या एका संस्थेसाठी ती घरात बसून ऑनलाइन गणित शिकवायची. नोकरी अजून कच्ची होती. वर्ग महिन्यात तिसऱ्यांदा तुटला होता, आणि वरिष्ठ पल्लवी मॅडमनी अतिशय गोड भाषेत कळवलं होतं की तीस सप्टेंबरला त्या स्वतः तिच्या वर्गात बसतील. त्या दिवशी खंड पडला, तर घरून काम करणं 'अवघड होईल'. म्हणजे एक तर नोकरी सोडायची, नाहीतर धारवाड सोडून पुण्यात खोली घ्यायची. तिला दोन्ही नको होतं. तिला इथेच राहायचं होतं, आपल्या खोलीत, आपल्या फळ्यासमोर, कुणाची मिनतवारी न करता.

ऑगस्टची पहिली तारीख होती. बाहेर धारवाडचा नेहमीचा पाऊस होता. पडतोय म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर केस ओले. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीतून एक उंच, शिडशिडीत तरुण छत्री उघडत बाहेर पडत होता. दीपश्री थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इथं ते वायरवाल्या नेटचं ऑफिस कुठंय हो?"

"कशाला?"

"भांडायला."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग डब्यातून लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं. "चला. मी तिकडंच चाललोय."

वाटेत दीपश्रीने त्याला सगळं सांगितलं. तो नेटवाला कसा फोन उचलत नाही, उचलला तर 'बघतो' म्हणतो, त्याच्या वायरीला नुसती शिंक आली तरी कसा ताप भरतो, आणि असल्या माणसाला धंदा कुणी दिला कोण जाणे. तरुण मान डोलवत होता. मध्येच त्याने छत्री तिच्या बाजूला कलती केली.

"मला नको छत्री," ती म्हणाली.

"तुम्हाला नाही. डबा भिजतोय."

"भिजू दे. तेवढीच त्याला आंघोळ."

तो हसला नाही... पण हसू दाबताना त्याच्या गालाला पडलेली खळी तिला दिसली, आणि उगाचच आणखी राग आला.

दोन गल्ल्या ओलांडून तो एका बंद दुकानापाशी थांबला. खिशातून किल्ली काढून त्याने शटर वर ढकललं, आत जाऊन टेबलामागच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बोला मॅडम. अर्धं ऐकलंय. उरलेलं बोला."

इथे खरं तर लाज वाटायला हवी होती. दीपश्रीला वाटली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही सांगायचं नाही का?"

"तुम्ही श्वास घेतला असता तर सांगितलं असतं. वाटेत एकदाच थांबलात, तेही खड्डा चुकवायला."

त्याचं नाव सुधींद्र. वडिलांच्या पश्चात हे छोटंसं नेटचं ऑफिस तोच एकट्याने चालवत होता. खांबावर चढायला तोच, फोन घ्यायलाही तोच.

"माझं कनेक्शन बंद करा," दीपश्रीने डबा टेबलावर आपटला. "आज. आत्ता. मी तो सिमकार्डवाला डबा घेते. मोबाइलच्या टॉवरवर चालणारा. वायर नको, खांब नको आणि तुम्ही नको."

सुधींद्रचा डावा कान लाल झाला. पण राग आला की याचा आवाज चढत नसे, उतरत असे. "घ्या की," तो हळूच म्हणाला. "महिन्याला किती डेटा लागतो तुम्हाला?"

"असेल शंभर-दीडशे जीबी."

"असेल? गणित शिकवता ना तुम्ही?"

इतक्या वर्षांत तिच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं.

"हे बघा," तो म्हणाला, "माझ्या वायरीला मर्यादा नाही, म्हणून धारवाडात कुणी मोजतच नाही. त्या मोबाइलवाल्या डब्याला पाचशेची मर्यादा आहे. पाचशे संपले की महिनाअखेरपर्यंत कासव. तुमची ती पाहणी कधी म्हणालात? तीस तारखेला. महिन्याचा शेवटचा दिवस. न मोजता गेलात तर नेमक्या त्या दिवशी बसाल गोल फिरणारं चाक बघत. महिनाभर मोजा, मग सोडा."

"ही तुमची गिऱ्हाईक धरून ठेवायची युक्ती आहे."

"साक री, पुरे झालं," तो उठलाच. "धरून ठेवायचं असतं तर बंद करायचे फॉर्म संपलेत म्हणून सांगितलं असतं. इथं एकशे चाळीस घरं उरलीत माझ्याकडं. रस्ता खणला की वायर तुटते, जोडली की पुन्हा खणतात. जाणारे जाणारच आहेत, हौदल्ला, खरं ना? पण इथून उठून कुणी खड्ड्यात पडू नये, एवढंच."

मग त्याने डबा पुसला, कोरडा केला, आणि रोजच्या वापराचा आकडा कुठल्या पानावर दिसतो ते तिच्या फोनवर उघडून दाखवलं. दाखवताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं. दोघांनीही हात असे मागे घेतले की जणू डब्यातूनच शॉक बसला.

"शेवटचा वर्ग संपला की आकडा बघा आणि मला पाठवा," तो म्हणाला. "रोज. चुकवू नका."

"मी काही चुकवत नाही. चुकवते तुमची वायर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला तिने आकडा पाहिला आणि तिचे डोळे पांढरे झाले. अठ्ठेचाळीस जीबी. एका दिवसात. तिने लगेच संदेश धाडला. 'तुमचं मीटर खोटं आहे.'

उत्तर आलं, 'मीटर खरं आहे. घर तपासा.'

दीपश्रीने कागद घेतला. वर्गांना सात जीबी. तिचा आणि आईचा फोन मिळून दोन. मग उरलेले एकोणचाळीस रोज जातात कुठे? या वेगाने तर मोबाइलवाला डबा दहा-अकरा दिवसांत गळा काढेल. म्हणजे तो माणूस बरोबर होता. जगात तिला एकच गोष्ट अजिबात सहन होत नसे, आणि ती ही.

पहिला संशय आला वरच्या खोलीतल्या मुलींवर. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेल्या दोघी भाडेकरू होत्या. दीपश्री जिना चढून गेली आणि दारातच सुरू झाली. त्यांच्यातली स्नेहा हातात पुस्तक धरून सगळं ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अक्का, तुमचा पासवर्ड आमच्याकडं नाहीच. आम्ही कधी मागितला नाही... भीती वाटते की." दीपश्री खाली आली. भीती वाटते म्हणे. तिने ते मनावर घेतलं नाही. तिला तेव्हा फक्त एकोणचाळीस जीबी दिसत होते.

मग तिचे वडील, अप्पा. ते अळणावरच्या शाळेत हेडमास्तर होते, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. पण आकडा वारांप्रमाणे हलत नव्हता. सोमवार असो की रविवार, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास.

रोजचे संदेश मात्र हलू लागले.

'५०.२. तुमच्या वायरीने आज दोनदा मान टाकली.'

'एकदाच. दुसऱ्यांदा वीज गेली होती. तिचा राग माझ्यावर का?'

'सवय झाली.'

'कसली? वीज जायची?'

फोन बराच वेळ तिच्या हातात राहिला, आणि आईने दोनदा जेवायला हाक मारली तेव्हा तिला ऐकू आलं.

रविवारी तो वायर तपासायला शिडी घेऊन आला. ओल्या खांबाला शिडी टेकवत त्याने विचारलं, "धराल का जरा?"

"सोडून दिली तर?"

"तर तुमची तक्रार ऐकायला कुणी उरणार नाही. विचार करा."

तिने शिडी धरली. अगदी घट्ट धरली. वरून बारीक थेंब तिच्या कपाळावर पडत होते, आणि तो खांबाला बिलगून वायरीचं टोक सोलत होता.

"तुम्हाला राग आला की आवाज बारीक का होतो?" तिने खालून विचारलं.

"आमच्या घरी वडील ओरडायचे. तेवढं ओरडणं पुरे झालं. तुमचा का मोठा होतो?"

"ऐकू जावं म्हणून."

"मला हळू बोललं तरी ऐकू येतं," तो म्हणाला. वरून, वायरीकडेच बघत. "आकडा नुसता लिहून पाठवता, तोही ऐकू येतो."

दीपश्रीने शिडीवरची पकड बदलली. आतून आई चहा घेऊन आली. सुधींद्र घरी आला की आई जरा घाबरल्यासारखी वागायची, कप ठेवून लगेच आत पळायची. पण दीपश्रीचं लक्ष दुसरीकडे होतं. कुठे, ते सांगायची गरज नाही.

बारा तारखेला तिने कुणालाही न सांगता पासवर्ड बदलला आणि आपल्या नि आईच्या फोनमध्ये नवा टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी आकडा आला नऊ. त्याच्या पुढच्या दिवशीही नऊ. 'चोर पकडला,' तिने लिहिलं. 'कोण?' 'माहीत नाही. पण उपाशी मेला.' या संदेशाला त्याचं उत्तर यायला बराच उशीर लागला, आणि आलं तेही नुसतं 'बरं'.

त्या दिवसांत आई कमी बोलत होती. जेवणही कमी. दीपश्रीने विचारलं नाही, कारण ती खुशीत होती. सोळा तारखेला आकडा आला सत्तेचाळीस, आणि खुशी संपली.

यापुढचे दिवस घरात तिचा नुसता तिळपापड होत होता. वरच्या मुली जिन्यावरून पाय न वाजवता जात. आई भांडीसुद्धा हळू ठेवी. सुधींद्रचे संदेश तुटक झाले. 'नोंद केली.' 'बघतो.' तिने एकदा विचारलं, 'तुमच्याकडून कळत नाही का कोण वापरतंय ते?' उत्तर थेट संध्याकाळी आलं, 'घरातल्यांना विचारून बघा. रागावून नको.' तिला वाटलं, हा कोण मला शिकवणारा.

अठ्ठावीस तारखेला दुपारी आई बाजारात गेली होती. दोन वर्गांच्या मध्ये पाणी प्यायला दीपश्री स्वयंपाकघरात आली आणि तिला देवघरातून बारीक घंटा ऐकू आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती आत गेली. देव जागच्या जागी होते. मागे, फोटोंच्या आडोशाला, रेशमी खणाखाली काहीतरी झाकलेलं होतं. तिने खण उचलला.

आईचा टॅब होता. गेल्या दिवाळीला अप्पांनीच आणलेला, पुढे 'बिघडला' म्हणून कुणी विचारला नव्हता. पडद्यावर कृष्णाकाठच्या आईच्या माहेरगावचं दत्ताचं देऊळ दिसत होतं. देवळाच्या कमिटीने गाभाऱ्यात कॅमेरा बसवला होता. पुजारी समई पुसत होता. चित्र इतकं स्वच्छ, की समईवरचे पाण्याचे डाग दिसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दीपश्रीने महिनाभर तो वळसा घातला होता.

मागे पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. आई दारात होती.

"किती वेळ चालू असतं हे?"

"काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत," आई म्हणाली. "देव जागा असताना आपणच पडदा कसा ओढायचा? तो दुपारी विश्रांती घेतो तेव्हा मी खण टाकते."

"खण टाकून नेट थांबत नाही, आई! तुला ठाऊक होतं मी काय शोधतेय. माझी नोकरी जायची वेळ आलीय, मी त्या वरच्या मुलींना चोर ठरवलं, आणि तू... सांगायचं नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली नसतीस. तेवढं कळतं मला." आई पिशवीतल्या मेथीच्या जुड्या काढून ठेवू लागली. "पण आधी ओरडली असतीस. ते ऐकायचा कंटाळा आलाय गं. गुडघ्यांमुळं माहेरी जाणं सुटलं. इथं बसून एक देव बघते, त्यातही या घरात भीत भीत."

मग अचानक दीपश्रीला आठवलं. "मी पासवर्ड बदलला होता. पुन्हा जोडून कुणी दिलं?"

आई मेथी निवडत राहिली. "त्याला काही बोलू नकोस. पंधरा तारखेला तू हुबळीला गेलीस तेव्हा वायर बघायला आला होता. मी गळ घातली. डब्यामागचं कसलंसं बटण दाबून दिलं बिचाऱ्याने. आणि सांगू नको म्हणून शपथ मीच घातली."

दुपारचा वर्ग दीपश्रीने घेतला. कसा घेतला, ते त्या पोरांना विचारावं. संपल्याबरोबर ती निघाली आणि थेट त्या ऑफिसात जाऊन धडकली. सुधींद्र फोनवर कुणाला तरी 'बघतो' म्हणत होता. तिला पाहून त्याने फोन ठेवला. त्याला सगळं कळलंच.

"तेरा दिवस," ती म्हणाली. "तेरा दिवस मी आकडे पाठवत होते आणि तू सगळं माहीत असून 'नोंद केली' लिहीत होतास. मजा वाटत होती? मी घरात भुतासारखी हिंडतेय आणि तू इथं बसून..."

"तुमच्या आईंना शब्द दिला होता."

"आणि मला?"

"तुम्हाला काही दिलंच नव्हतं." त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला टेबलावर वाकावं लागलं. "द्यायची हिंमत नव्हती. खरं सांगू? सुरुवातीला शब्द होता. नंतर... आकडा सापडला की मोजणं संपलं. मोजणं संपलं की साडेसातचा संदेश संपला. एवढं डोक्यात होतं. चुकलं माझं. भाळ सिट्टु, फार राग येणार हे ठाऊक होतं, पण मला तुमच्या सिट्टूची भीती नाही वाटत. तुम्ही गप्प व्हाल याची वाटते."

त्याच्या दोन्ही कानांवर लाली होती. एखाद्या शहाण्या मुलीने तिथेच राग गिळला असता. दीपश्रीने गिळला नाही, कारण आईचं वाक्य तिच्या मनात सलत होतं, आणि त्याचं दुखणं कुणावर तरी काढायचं होतं.

"सगळ्यांनी मिळून मला राक्षसीण ठरवलंय," ती म्हणाली. "तूसुद्धा. मला सांगायला घाबरणारी माणसं नकोत मला."

ती पायऱ्या उतरली. मागून आवाज आला, "एक तारखेला नवा डबा लावा. खिडकी उत्तरेची. गच्चीवर जाऊन बघितलंय मी, सिग्नल तिकडूनच चांगला येतो." तिने वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी ती आईशेजारी देवघरात बसली. माफी मागायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने टॅब हातात घेतला आणि चित्राची प्रत कमी केली. आईच्या अधू डोळ्यांसाठी ती सुरुवातीपासून सगळ्यात वरची ठेवलेली होती. "आता रोज सहा-सात जीबीच लागतील. चालू राहू दे," ती म्हणाली.

आईने पुढे वाकून पाहिलं. "जरा पुसट दिसतोय."

"दिसतोय ना?"

"दिसतोय की. मला ओळखीचाच आहे तो."

दोघी बराच वेळ आरती बघत राहिल्या. मग दीपश्री हळू म्हणाली, "आई, मी इतकी ओरडते?" आईने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, त्यातच उत्तर आलं. वरच्या मुलींना दुसऱ्या दिवशी तिने स्वतः खाली बोलावून डोसे खायला घातले आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला. स्नेहाने तो घेतला, पण वापरला नाही. सप्टेंबर संपू द्या म्हणाली.

एक सप्टेंबरला मोबाइलवाला डबा आला. उत्तरेच्या खिडकीत. दुसरीकडे ठेवून बघायचा तिने हट्टाने प्रयत्न केला, पण सिग्नल तिथेच चांगला येत होता. आठवड्याने गल्ली पुन्हा खणली आणि जुनी वायर कायमची गेली. आता मागे फिरायची सोय नव्हती. पाचशे जीबी आणि तीस दिवस.

ती रोज मोजत होती. पंधरा. सोळा. सतरा. साडेसातला आकडा वहीत लिहायची आणि फोन उलटा ठेवायची. पाठवायला कुणी नव्हतं. नव्हतं असं नाही... पाठवायचं नव्हतं. त्याचाही एका अक्षराचा संदेश आला नाही. खांबाजवळून जाताना ती वर पाहायची आणि स्वतःवरच चिडायची. भांडणाला माणूस लागतो, हे तिला तिसाव्या वर्षी कळत होतं. एकटीने चिडण्यात काही राम नव्हता.

तीस तारखेला सकाळी चौतीस जीबी उरले होते. वर्ग संध्याकाळी पाचचा. दीपश्री देवघरात डोकावली तर टॅब बंद. "आज देव सुट्टीवर आहे," आई म्हणाली. "म्हणाला, आधी पोरीचा वर्ग."

वर्ग पंचावन्न मिनिटं चालला. एकदाही तुटला नाही. पल्लवी मॅडम शेवटी थांबल्या आणि म्हणाल्या, "दीपश्री, पत्र उद्या मिळेल. राहा तुमच्या धारवाडात." पडदा काळा झाला. दीपश्री फळ्यासमोर उभी राहिली, हात खडूने पांढरे, आणि तिला सगळ्यात आधी एकाच माणसाला सांगावंसं वाटलं. तो माणूस म्हणजे नेमका सुधींद्र. राग तर असा आला, की तिने रात्री दोन वेळा त्याचं नाव फोनवर काढलं आणि दोन्ही वेळा ठेवून दिलं.

एक ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता ती जुना डबा घेऊन त्याच्या ऑफिसात गेली. या वेळी डब्याच्या वायरी व्यवस्थित गुंडाळलेल्या होत्या.

सुधींद्र उभा राहिला. थोडा वाळला होता. "झाला वर्ग?"

"झाला. नोकरी पक्की."

"किती उरले?"

"पंचवीस."

"म्हणजे साडेचारशेच्या वर गेलात," तो म्हणाला. "ऑगस्टच्या वापराने सप्टेंबर काढला असता तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. दीपश्रीने डबा टेबलावर ठेवला, या वेळी न आपटता.

"डबा परत करायला आलेय," ती म्हणाली. "रीतसर बंद करा."

त्याने खण उघडून फॉर्म काढला. हळूहळू तिचं नाव लिहिलं, घराचा नंबर लिहिला. हा शेवटचा कागद आहे हे त्याच्या पेनाला कळल्यासारखं ते अडखळत होतं. "बंद करण्याचं कारण? चार दिलेत. घर बदललं, दर परवडत नाही, सेवा असमाधानकारक, इतर."

"इतर."

"सेवा असमाधानकारक लिहा की. मी रागावणार नाही."

"मी सांगतेय ना, इतर."

"इतर असेल तर खाली तपशील लिहावा लागतो."

दीपश्रीने हात पुढे केला आणि त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. कागद आपल्याकडे वळवला. फळ्यावर लिहिताना तिचा हात कधी थांबत नसे. इथे दोन वेळा थांबला. मग तिने एका दमात लिहिलं आणि कागद परत सरकवला.

'गिऱ्हाईक म्हणून मला या माणसावर मनासारखं रागावता येत नाही.'

सुधींद्रने वाचलं. पुन्हा वाचलं. आधी डावा कान लाल झाला, मग उजवा. बाहेरून एक रिक्षा गेली, चहावाल्याने कपबशा आपटल्या, आणि तो अजून वाचतच होता.

"हा कागद फाइलला जातो," शेवटी तो म्हणाला.

"जाऊ दे."

"मग... कोण म्हणून रागवायचं आहे?"

घरून निघताना तिने बरीच बोलणी तयार केली होती. तेरा दिवसांबद्दल, सबंध सप्टेंबर गप्प बसण्याबद्दल. त्यातलं एकही वेळेवर कामी आलं नाही. रागाशिवाय बोलायचा सराव नव्हता, त्यामुळे तिचा आवाज अगदी बारीक निघाला. त्याच्यासारखा.

"घरची म्हणून," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. खळी पडली, आणि या वेळी त्याने हसू दाबलं नाही. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्याने 'बंद' असं लिहिलेला शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि फॉर्मवर मारला. शिक्का उलटा पडला.

दीपश्रीने न रागावता कागद फिरवून तो सरळ केला.